ऑक्टाव्हिया आरएसचा टर्बो सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गेला : तोच बांधायचा की मोठा बसवायचा?

कृष्णाकाठ (सांगली)

मंडळी, नमस्कार. गाडी २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, कंपनीतून १५० पीएसची, म्हणजे साधारण दीडशे घोड्यांची. माझ्याकडे आठ वर्षं आहे. रीमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलेला आहे, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एग्झॉस्ट पाइप) मोठा आहे, टर्बो, म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंप, मात्र मूळचाच, के०३ मॉडेलचा.

दिवाळीच्या आधी टर्बो शिट्टी मारायला लागला. गॅरेजवाल्यानं "कोर बदलून टाकू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा" असं सांगितलं आणि बाहेरून मागवलेलं स्वस्तातलं कोर (टर्बोचा मधला, फिरणारा भाग) घातलं. जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर झाले. परवा पाचगणीहून पसरणी घाट उतरत होतो. खाली वाईजवळ सपाटीला लागल्यावर ॲक्सिलरेटर दाबला आणि मागचा रस्ता निळ्या धुरात गेला. मागच्या गाडीवाल्यानं दिवे मारून थांबवलं. डिपस्टिक बघितली, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. तिथून सांगलीपर्यंत हळूहळू आणली, वाटेत दीड लिटर ऑइल घातलं.

आता प्रश्न असा की पुन्हा के०३ च बांधावा, की हीच संधी समजून मोठा के०४ किंवा गॅरेट कंपनीचा टर्बो बसवावा? गाडी रोज वापरात नाही. महिन्यातून दोनदा सांगली ते महाबळेश्वर, बाकी गावातल्या गावात. गाडी विकायची नाही. वडिलांनी घेतलेली आहे, म्हणून एकदाच आणि नीट करायचं आहे.

डिझेलवाला (कराड)

के०४ टाका आणि विषय संपवा. आमच्याकडं उसाच्या गाड्यांचे टर्बो सीझनला डझनानं येतात. दोनदा गेला म्हणजे तो टर्बो त्या इंजिनाला पुरत नाही. मोठा टाकला की त्याला कष्ट कमी पडतात.

मिरज लेथ (मिरज)

कृष्णाकाठ, जरा दमानं घ्या. मी टर्नर माणूस, तीस वर्षं बुश आणि शाफ्टच बघतोय. टर्बो आपणहून क्वचित मरतो, त्याला कोणीतरी मारतं. ऑइल कमी आलं, घाण आलं, आलेलं ऑइल परत जाईना झालं, नाहीतर हवेतून खडा आत गेला. यातलं काय झालं ते सापडेपर्यंत नवा आणू नका. मोठा आणला तर तोही मरेल, आणि तो महाग असेल.

आणि मुळात धूर टर्बोचाच आहे कशावरून? घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, सिलेंडरात ओढ जोराची असते. व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्याशी ऑइल अडवणारे सील) गेले असले तरी ऑइल आत ओढलं जातं आणि पुढं ॲक्सिलरेटर दिला की अस्साच धूर निघतो. आधी डाउनपाइप सोडा. टर्बाइनच्या (टर्बोच्या एग्झॉस्टकडच्या चाकाच्या) बाहेरच्या बाजूला ओलं ऑइल आहे का बघा. मग टर्बो एग्झॉस्ट मॅनिफोल्डवरून उतरवा आणि हेडच्या (सिलेंडरांच्या वरच्या भागाच्या) एग्झॉस्ट पोर्टमध्ये बॅटरी मारा. पोर्ट कोरडे आणि टर्बाइन ओला, तर टर्बो. पोर्टच ओले, तर हेड उघडायची तयारी ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. रविवारी उघडतो.

शंभर फुटी (सांगली)

तोपर्यंत माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे हेच इंजिन आहे, त्यावर तीन वर्षांपूर्वी गॅरेटचा जीटी२८६०आरएस बसवला. ६० मिलिमीटरचं कॉम्प्रेसर व्हील, बॉल बेअरिंग. हा टर्बो साडेतीनशे घोड्यांपर्यंतची हवा देऊ शकतो. पण नुसता टर्बो घेऊन भागत नाही. एग्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा, डाउनपाइप वेगळा, मोठे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), क्लच, नवं ट्यूनिंग. शिवाय या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड एकदम आलेल्या टॉर्कला वाकतात, म्हणून फोर्ज्ड रॉड घातले. खर्च टर्बोच्या किमतीच्या कितीतरी पट झाला.

हायवेला कराड ते कोल्हापूर गाडी अशी ओढते की मन भरून येतं. पण पसरणीत, दुसऱ्या गिअरला वळणातून बाहेर येताना, साडेतीन हजार फेऱ्यांच्या खाली काहीच मिळत नाही. वळण संपतं, बूस्ट (टर्बोचा दाब) येतो, आणि तोवर पुढचं वळण आलेलं असतं. तुम्ही महिन्यातून दोनदा घाटात जाता. म्हणून माझा टर्बो मला कितीही प्रिय असला तरी तुम्हाला घ्या म्हणणार नाही.

पंपवाला (पलूस)

मी किर्लोस्करवाडीच्या बाजूचा, आयुष्य सेंट्रिफ्युगल पंपात गेलं. टर्बोचा कॉम्प्रेसर म्हणजे हवेचा सेंट्रिफ्युगल पंपच. मधोमध माल घ्यायचा, फिरवून कडेला फेकायचा, बाहेरच्या शंखात वेगाचा दाब करायचा. आमच्या भागात शेतकऱ्यालासुद्धा पंपाचा वक्र कळतो : हेड (पाणी चढवायची उंची) वाढला की पाणी कमी, आणि मधे एक जागा असते जिथे पंप सर्वात कमी विजेत सर्वात जास्त काम करतो. टर्बोचा नकाशा तसाच वाचायचा. आडव्या रेषेवर हवा किती, उभ्या रेषेवर दाब किती पटीनं वाढवला. मधे बेटासारखी वर्तुळं असतात, ती कार्यक्षमतेची. डाव्या कडेला गेलात तर हवा उलटी धडकते, त्याला सर्ज म्हणतात. उजव्या कडेला गेलात तर व्हील नुसतं पळतं, हवा वाढत नाही, फक्त तापते.

तेव्हा मोठा घेऊ का छोटा, हा प्रश्न मागाहून. तुमच्या इंजिनाला किती हवा हवी आणि ती किती पट दाबून हवी, हे आधी काढा. विहिरीचा हेड न मोजता कोणी पंप घेतो का?

यवतेश्वर (सातारा)

पंपवाले बरोबर बोलले. आकडे मी मांडतो.

हवा : पेट्रोल इंजिनाला एअर मास सेन्सरचा (इंजिनात जाणारी हवा मोजतो त्याचा) ग्रॅम प्रति सेकंद आकडा ०.८ नं भागला की घोड्यांचा बऱ्यापैकी अंदाज येतो. १५० घोड्यांना १२० ग्रॅम, १८५ ला १४८, २२० ला १७६. के०३ ची आरामाची हद्द १८० ते १९० घोड्यांच्या आसपास संपते. के०४ चा जो प्रकार याच मॅनिफोल्डवर सरळ बसतो तो त्याहून थोडं जास्त देतो. मोठा के०४ अडीचशेच्या वर जातो, पण त्याला मॅनिफोल्डपासून सगळं बदलावं लागतं.

दाब : इथे आपल्या भागाची एक गोष्ट आहे जी परदेशातल्या चर्चांमध्ये सापडत नाही. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, महाबळेश्वर साडेतेराशे. सांगलीत हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास, वर महाबळेश्वरला ०.८६. तुमचा रीमॅप इनटेक मॅनिफोल्डमध्ये १.९५ बार निरपेक्ष दाब मागतो असं धरू, म्हणजे सांगलीत गेजवर १ बार. इंटरकूलरमध्ये ०.०८ बार वाया, फिल्टर आणि पाइपमध्ये ०.०४. म्हणजे कॉम्प्रेसरनं सांगलीत ०.९१ ची हवा २.०३ पर्यंत न्यायची, २.२३ पट. महाबळेश्वरला ०.८२ ची हवा तिथवरच न्यायची, जवळजवळ २.४८ पट. गाडी तीच, बूस्ट तोच, पण वर टर्बोला पंचवीस शतांश जास्त ओढायचं आहे. ते फक्त जास्त फेरे मारूनच होतं.

मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर उंचीचा हिशेब करून मागणी कमी करतं. स्वस्तातल्या रीमॅपमध्ये ही मर्यादा सरसकट वर ढकललेली असते. तुमच्या रीमॅपच्या फाइलमध्ये उंचीचा हिशेब आहे का, हे ट्यूनरला विचाराच.

उष्णतेचंही बघा. एप्रिलमध्ये सांगलीत बाहेर ४०. २.२३ पट दाब आणि कार्यक्षमता ७० टक्के असली तर कॉम्प्रेसरमधून हवा १५५ अंशांना बाहेर पडते. टर्बो नकाशाच्या कडेला जाऊन कार्यक्षमता ६० वर आली की १७४. मग नॉकिंग (इंधन अवेळी भडकणं), मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, मग बूस्ट जास्त आणि ताकद कमी. बूस्टचा आकडा मिरवण्यात अर्थ नाही तो यासाठी.

डिझेलवाला (कराड)

यवतेश्वर, हा उंचीचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आमच्या गाड्या कारखाना ते शेत, सपाटीवर. मी माझं आधीचं मत मागे घेतो. कृष्णाकाठ, आधी उघडून बघा.

कृष्णाकाठ (सांगली)

उघडला. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण अशा अवस्थेत कोणाची तरी गाडी आत्ता चालत असणार.

डाउनपाइप सोडल्याबरोबर टर्बाइनच्या तोंडातून ऑइल ओघळलं. हेडचे चारही पोर्ट कोरडे, राखाडी. काका, तुमची पहिली परीक्षा तिथंच सुटली, हेड वाचलं.

कॉम्प्रेसरचं नाक बोटांच्या चिमटीत धरून हलवलं. आडवं तर हललंच, पण पुढे-मागेही टक् करून हाताला लागलं. व्हीलच्या पात्यांची टोकं आरशासारखी घासलेली आणि हाउसिंगमध्ये चंदेरी गोल चरा. शाफ्ट टर्बाइनच्या बाजूला निळसर पडलेला.

मग ऑइलचा फीड पाइप काढला. हा पाइप एग्झॉस्टच्या अंगावरूनच येतो. एका टोकाला तोंड लावून फुंकलं, तर कोल्ड्रिंकची स्ट्रॉ मधेच दुमडल्यासारखं वाटलं, हवा जेमतेम जात होती. करवतीनं मधोमध कापला. आतली पोकळी पेन्सिलीच्या शिशाएवढी उरलेली, बाकी सगळा काळा, कडक, कोळशासारखा थर. नखानं खरवडला तर कपचे निघाले. दिवाळीत नवं कोर घालताना हाच जुना पाइप परत लावला होता. ज्यानं पहिल्याला मारलं त्याच्याच हाती दुसरा दिला.

संपही (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खाली घेतला. ऑइल पिकपच्या (संपातून ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीवर असेच काळे कण, अर्धी जाळी बुजलेली. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी) एक नळी आतून फुगून चिकटलेली होती. आणि सर्वात शेवटी डायव्हर्टर व्हॉल्व्ह, ॲक्सिलरेटर सोडल्यावर दाबलेली हवा परत वळवणारा. त्याच्या रबरी पडद्याला नखाएवढी फाट.

मिरज लेथ (मिरज)

आता सगळं जुळलं. एकेक सांगतो.

टर्बोच्या शाफ्टला पंपासारखं रबरी ऑइल सील नसतं. पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा असतात. त्या ऑइल अडवतात ते आतलं ऑइल खाली मोकळं पडतंय या भरवशावर. ब्रीदर चिकटला की क्रँककेसमध्ये दाब साठतो, परतीचं ऑइल खाली पडत नाही, मधल्या घरात तुंबतं आणि रिंगांच्या बाजूनं वाट काढतं. म्हणून बरेचदा टर्बो चांगला असूनही धूर मारतो आणि लोक नवा घेतात.

फीड पाइपचं तर तुम्ही पाहिलंच. जर्नल बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट धातूवर फिरतच नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. थर गेला की थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) पहिल्यांदा झिजतं. शाफ्ट पुढे-मागे सरकतो तो त्यामुळे. कोरड्या हातात घेतल्यावर आडवा थोडा खेळ चालतो, कारण ऑइल नसतं. पुढे-मागे मात्र हाताला जाणवेल इतका अजिबात चालत नाही. डायल गेज लावून बघा, निरोगी छोट्या टर्बोत तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा कमीच भरतो.

यवतेश्वर (सातारा)

आणि ती पडद्याची फाट किरकोळ समजू नका. डायव्हर्टर व्हॉल्व्ह फाटला की दाबलेली हवा परत टर्बोच्या तोंडाशी जाते. तीच हवा पुन्हा दाबली जाते, पुन्हा परत येते. ईसीयूला मागितलेला बूस्ट मिळत नाही, तो एन७५ (बूस्ट सांभाळणाऱ्या) व्हॉल्व्हमार्फत वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एग्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप, बंद ठेवतो, टर्बो आणखी जोरात फिरतो. लॅपटॉपवर जुना लॉग (गाडी चालवताना ईसीयूतून घेतलेली नोंद) असेल तर त्यातला बूस्टचा रकाना, ग्रुप ११५, बघा. मागणी आणि प्रत्यक्ष बूस्ट यात किती फरक आहे?

कृष्णाकाठ (सांगली)

फेब्रुवारीतला लॉग आहे. ४,२०० फेऱ्यांवर मागणी १,९५० मिलिबार, प्रत्यक्ष १,७१०. एन७५ ची ड्यूटी ९५ टक्क्यांवर अडकलेली. एवढं समोर लिहिलेलं होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं.

यवतेश्वर (सातारा)

म्हणजे तुमचा टर्बो कायम पायाखाली वाळू सरकत असल्यासारखा धावत होता. ५० मिलिमीटरचं व्हील मिनिटाला दीड लाख फेरे मारतं तेव्हा त्याची कड सेकंदाला ३९० मीटरच्या पुढे जाते, आवाजापेक्षा वेगानं. त्यावर आणखी ओढ, वर महाबळेश्वरची पातळ हवा, आणि ऑइल पेन्सिलीच्या शिशातून.

माझं मत : के०३ च बांधा, चांगल्या कोरनं, १८५ घोड्यांचं लक्ष्य ठेवून. बूस्ट मधल्या फेऱ्यांत घ्या आणि साडेपाच हजारांच्या पुढे उतरता ठेवा.

विट्याचा (विटा)

मधे बोलतो, माफ करा. कोर आणि पूर्ण टर्बो यात नेमका फरक काय? आणि मिरजेत ट्रकचे टर्बो बांधणारे आहेत, ते पेट्रोल गाडीचा बांधून देतील का?

मिरज लेथ (मिरज)

कोर म्हणजे मधलं घर, शाफ्ट, दोन्ही व्हील, बेअरिंग, हे सगळं एकत्र. दोन्ही बाजूंचे शंख म्हणजे हाउसिंग तुमचे जुनेच राहतात. म्हणून शंख नीट तपासायचे. या टर्बोत वेस्टगेटच्या भोकाजवळ केसाएवढ्या भेगा पडतात. बारीक असतील तर चालतात. भेग वेस्टगेटच्या बैठकीत शिरली असेल तर हाउसिंग बदला. वेस्टगेटची झडप पिनीवर खडखडते का तेही बघा.

बांधून देतील का? सुटे भाग मिळाले तर बांधतील हो, हात त्यांचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. अडचण बॅलन्सिंगची आहे. ट्रकचा टर्बो मोठा, त्याचे फेरे कमी. तिथे शाफ्ट आणि व्हील कमी वेगाच्या मशीनवर बॅलन्स केलं की बहुतेक वेळा निभतं. छोट्या टर्बोचं कोर जोडून झाल्यावर पुन्हा हाय-स्पीड मशीनवर घ्यावं लागतं. ऑइल दाबानं सोडायचं, हवेनं फिरवायचं, आणि कोणत्या फेऱ्यांवर किती थरथर होते त्याचा कागद काढायचा. तो कागद मागा. कागद नाही म्हणाले तर कोर तिथंच ठेवून या. आणि स्वतः उघडायचा मोह झाला तर दोन गोष्टी : कॉम्प्रेसरचा नट बहुतेक टर्बोत डाव्या आट्याचा असतो, आणि सोडण्याआधी नट, व्हील, शाफ्टवर एका रेषेत खूण करा. खूण चुकली की बॅलन्स गेला.

शंभर फुटी (सांगली)

थ्रस्ट बेअरिंगचं विसरू नका. बरेच जुने टर्बो पूर्ण गोल नसलेल्या, २७० अंशांच्या थ्रस्टवर येतात. बांधताना पूर्ण गोल, ३६० अंशांचं मागून घ्या. रीमॅप केलेल्या गाडीला ते हवंच. पात्यांबद्दल : बिलेट व्हील, म्हणजे अखंड ॲल्युमिनियममधून कोरलेलं, दिसायला फार सुंदर असतं. पण व्हील बदललं की नकाशा बदलतो. नकाशा हातात नसताना नुसतं चकाकतंय म्हणून घेऊ नका.

कृष्णाकाठ (सांगली)

पुण्याला जाऊन आलो. स्वतः उभा राहून काम बघितलं, आणि सांगतो, प्रत्येकानं एकदा बघावं.

कारागिरानं जुना शाफ्ट बेअरिंगमधून बाहेर काढून माझ्या हातात दिला. बोट फिरवलं तर ऑइलच्या जागी बारीक पायरी लागली, केसाइतकी. म्हणाले, शाफ्ट गेला, हा पॉलिश करून देणारे भेटतील, आम्ही देत नाही. नवा शाफ्ट, नवी व्हील, ३६० अंशांचं थ्रस्ट. रिंगांची तोंडं त्यांनी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना ठेवली. मग कोर मशीनवर चढवलं. आवाज बारीक शिट्टीपासून सुरू होऊन कानाला सहन होईना इतका चढला. पडद्यावर एका ठिकाणी टोक वर आलं. त्यांनी मशीन थांबवून नटाच्या कडेला ग्राइंडरनं एवढंसं घासलं, नखाच्या चंद्राएवढं, पुन्हा फिरवलं. असं तीनदा. चौथ्यांदा रेषा खाली बसली. कागद छापून दिला, तो आता गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे.

टर्बाइनच्या हाउसिंगला भेगा दोन, दोन्ही बारीक, बैठकीपासून लांब. तेच हाउसिंग ठेवलं.

मिरज लेथ (मिरज)

उत्तम. आता बसवताना घाई करू नका, बरेच टर्बो पहिल्या मिनिटात मरतात. नवा फीड पाइप, नवे तांब्याचे वॉशर, नवी परतीची गॅस्केट. परतीच्या फ्लँजला सिलिकॉन लावू देऊ नका. आत दाबला गेलेला सिलिकॉन सुटून ऑइलची वाट बुजवतो. पाइप लावण्याआधी कोरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि व्हील बोटानं फिरवा, वरून ऑइल घेईनासं होईपर्यंत. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दहा-दहा सेकंद, मधे थांबून. दिवा विझल्यावर फ्यूज लावा, चालू करा, आणि पाच मिनिटं ॲक्सिलरेटरला हात लावू नका.

पंपवाला (पलूस)

पंपालाही आधी प्रायमिंग करतोच की आपण. कोरडा पंप चालवला की सील गेलंच.

विट्याचा (विटा)

गाडी बंद करण्याआधी दोन मिनिटं चालू ठेवायची असं सगळे म्हणतात. खरंच गरज असते?

यवतेश्वर (सातारा)

घाट चढून वर पोहोचून लगेच बंद केली तर हो. टर्बाइनची उष्णता थांबलेल्या ऑइलमध्ये उतरते आणि तिथंच कोळसा होतो. कृष्णाकाठच्या पाइपमध्ये जे सापडलं तेच. हा टर्बो पाण्यानंही थंड होतो, त्यामुळे थोडं संरक्षण आहे. पण सर्वात चांगली सवय म्हणजे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवायचे. मग उभं राहून थांबायची फारशी गरज उरत नाही. ऑइल मात्र पूर्ण सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगन ५०२.०० मान्यतेचं, आणि कंपनी म्हणते त्याच्या निम्म्या अंतराला बदला.

पेट्रोलचंही ट्यूनरशी बोलून घ्या. आता पंपावर येतं ते २० टक्के इथेनॉलचं. नॉकिंगला बरं, पण लिटरमागे ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. इंजेक्टर आधीच काठावर असतील तर वरच्या फेऱ्यांत मिश्रण पातळ होईल. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांचं आहे, त्याचा राग नाही, पण फाइल त्याच्यासाठी बनवलेली हवी.

शंभर फुटी (सांगली)

आणि विमा कंपनीला बदल कळवा. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उद्या अपघात झाला तर टर्बोपेक्षा न कळवणं महाग पडेल.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांसाठी शेवटचा हिशेब देतो.

संप धुतला, पिकप नवा, ब्रीदरच्या सगळ्या नळ्या नव्या, डायव्हर्टर व्हॉल्व्ह नवा, फीड पाइप नवा आणि त्यावर उष्णतारोधक आवरण. काकांनी सांगितलं तसंच प्रायमिंग केलं. पाचव्या खेपेला दिवा विझला. ट्यूनरनं फाइल नव्यानं केली, उंचीची मर्यादा मूळ हिशेबासारखी परत घातली. पाचशे किलोमीटर हलक्या पायानं चालवली, ऑइल बदललं, जुनं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून बघितलं. धातूचा कण नाही.

काल पहाटे महाबळेश्वरला गेलो. लॅपटॉप बायकोच्या मांडीवर, लॉग चालू. सांगलीच्या बाहेर तिसऱ्या गिअरला हवा १४८ ग्रॅम, म्हणजे १८५ घोडे. ग्रुप ११५ मध्ये मागणी आणि प्रत्यक्ष यांच्यात जास्तीत जास्त ३० मिलिबारचा फरक. एन७५ ६२ टक्के. ग्रुप ०२० मध्ये टायमिंग एकाच सिलेंडरला दीड अंश मागे, बाकी शून्य. पाचगणीच्या पुढे पठारावर बूस्टची मागणी आपोआप १,८२० वर आली. गाडी खालच्याएवढी जोरात नव्हती, पण स्वच्छ ओढत होती. पसरणीत दुसऱ्या गिअरला अडीच हजार फेऱ्यांपासून हात देते. वळणातून बाहेर पडताना ती जी ओढ पाठीला लागते, त्यासाठीच ही गाडी ठेवली आहे.

उतरताना वाईला त्याच जागी थांबलो जिथे धूर निघाला होता. इंजिन चालू ठेवून मागे जाऊन उभा राहिलो, बायकोला ॲक्सिलरेटर द्यायला सांगितलं. काही नाही. टेलपाइपच्या आत बोट फिरवलं, कोरडी काजळी, ऑइल नाही.

पुढचं ऑइल पाच हजारांना बदलणार. तेव्हा फीड पाइपही सोडून आतून बघणार आहे आणि फोटो इथेच टाकतो. कापलेला जुना पाइप काकांच्या लेथवर पोहोचवला आहे. कोणाला प्रत्यक्ष बघायचा असेल तर मिरजेत त्यांच्याकडे आहे.

मिरज लेथ (मिरज)

आहे, खिडकीत ठेवलाय. कालच एक जण "नुसतं कोर बदलून द्या" म्हणत आला होता, त्याला आधी तो दाखवला. आता त्याचीही गाडी उघडतोय.